प्रश्न विचारणारा कोण? मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थी मदतनीसाचा इतिहास



मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तुमच्यापैकी कुणी झरीहून, पाटणहून किंवा मुकुटबनहून यवतमाळला खेप घातली असेल, तर ती खोली तुम्ही पाहिलेली आहे. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, लाकडी ठोकळ्यांची पेटी, स्टॉपवॉच आणि छापील कागद. मुलाकडून थोडं काम करून घेतात आणि मग आईला विचारतात : स्वतःच्या हातानं जेवतो का? कपडे घालतो का? एकटा शेजारी जाऊन परत येतो का? हे प्रश्न कधी मानसशास्त्रज्ञ स्वतः विचारतात, तर कधी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलेला एखादा विद्यार्थी विचारतो. आई उत्तर देते, कागदावर खुणा होतात, बेरीज होते, आणि त्या आकड्यावर मुलाची सवलत, शिष्यवृत्ती, पेन्शन ठरते.

आजचा लेख त्या वहीवाल्या विद्यार्थ्याबद्दल आहे. आपल्या भागातली काही मुलंमुली आता अमरावती, नागपूर, पुण्याला मानसशास्त्र शिकायला जातात. एखादे प्राध्यापक म्हणतात, आमच्या संशोधनात मदतनीस म्हणून ये. मानधन किरकोळ असतं, कधी नसतंच. मग पालक मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे नक्की काय काम? यानं पोरीचं काय भलं होणार? आणि ती पेशंटच्या डोक्याशी काही खेळ तर करणार नाही ना?" शेवटचा प्रश्न भाबडा वाटेल, पण तो तसा नाही. या मदतनीसांनी गेल्या सव्वाशे वर्षांत लोकांचं भलंही केलंय आणि नुकसानही. दोन्ही सांगतो.

सुरुवात जर्मनीतल्या लाइपझिगची. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी तिथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. वुंट मुळात डॉक्टर. तरुणपणी ते स्वतःच हेल्महोल्त्झ या मोठ्या शास्त्रज्ञाचे सहायक होते. दिवा लागल्यावर बटण दाबायला किती वेळ लागतो, दोन आवाजांतला फरक कधी कळतो, अशी मोजमापं त्यांच्याकडे चालत. यात आजच्यासारखा "पेशंट" नव्हता. विद्यार्थीच आळीपाळीनं एकमेकांवर प्रयोग करत. आज उपकरणावर तू बस, उद्या मी. आपल्याकडे बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये एक जण "प्रयोगकर्ता" आणि दुसरा "प्रयुक्त" असतो, आणि पुढच्या तासाला अदलाबदल होते. ती पद्धत लाइपझिगहून आली आहे. मला ती फार आवडते, कारण ज्याला स्वतः खुर्चीत बसून घाम फुटलेला आहे तो दुसऱ्याला बसवताना जरा सांभाळून वागतो.

पण बुद्धी मोजण्याच्या चाचण्या, म्हणजे तुमच्या-माझ्या कामाचा भाग, पॅरिसमध्ये तयार झाल्या. तिथली मुख्य व्यक्ती म्हणजे आल्फ्रेड बिने, आणि त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

बिने यांनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. वाचनालयात बसून पुस्तकं वाचली आणि १८८०च्या दशकात शार्को या प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञाच्या रुग्णालयात काम सुरू केलं. तिथे त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक जबरदस्त शोध जाहीर केला : संमोहन केलेल्या रुग्णाजवळ लोहचुंबक धरला की डाव्या अंगाचं लक्षण उजव्या अंगात जातं! चुंबक फिरवला की हात बदलतो. बेल्जियमच्या देलबफ या अभ्यासकाला शंका आली आणि तो स्वतः पाहायला गेला. त्याला दिसलं ते असं, की प्रयोग रुग्णासमोर उघडपणे चालतो, चुंबक तिला दिसतो, डॉक्टर काय अपेक्षा करतात ते तिच्या देखत बोलतात. रुग्ण बिचारी त्यांना हवं ते करून दाखवत होती. चुंबकाचा काही संबंध नव्हता. बिने यांना पुढे हे मान्य करावं लागलं.

अशा फजितीनंतर माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर चिडतो. बिने यांनी तिसरंच केलं. १८९१ साली रुआँ इथल्या रेल्वे स्टेशनवर त्यांची बोनी या प्राध्यापकांशी गाठ पडली. बोनी सोरबॉन विद्यापीठातल्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बिने यांनी तिथेच विचारलं, तुमच्याकडे काम करू का? आणि चौतिसाव्या वर्षी, प्रकाशित पुस्तकं नावावर असताना, ते बिनपगारी प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले. तीनेक वर्षांत ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. ज्या पालकांना "बिनपगारी" या शब्दानं पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी मुद्दाम सांगितलं. अर्थात बिने यांच्या घरी पैसा होता, हेही तितकंच खरं. शेतात सोयाबीन आणि डोक्यावर कर्ज असलेल्या घरातल्या मुलीला बिनपगारी काम कर असं सांगणं वेगळं. त्याबद्दल पुढे बोलू.

चुंबकाच्या प्रकरणातून बिने एक गोष्ट शिकले होते : आपल्याला जे हवं असतं ते समोरच्याकडून आपण नकळत काढून घेतो. त्या काळी डोक्याचा घेर मोजून हुशारी ठरवायची टूम होती. बिने यांनीही डोकी मोजली. पण १९०० साली त्यांनी लिहून ठेवलं, की कोणता मुलगा हुशार आणि कोणता मागे हे आधी माहीत असेल, तर टेप धरणारा हात नकळत इकडचा तिकडे होतो. मोजायचा फरक होता काही मिलिमीटरचा, आणि हाताची चूकही तेवढीच. विचार करा, टेपसारखी मुकी वस्तूही मोजणाऱ्याच्या मनाप्रमाणे वागते!

याच सुमारास त्यांना मदतनीस मिळाला. तेओदोर सिमाँ हा तरुण डॉक्टर पॅरिसबाहेरच्या एका मनोरुग्णालयात मतिमंद मुलांच्या विभागात काम करत होता. (मतिमंद हा शब्द आज आपण वापरत नाही, बौद्धिक दिव्यांग म्हणतो, पण त्या काळाबद्दल बोलताना तो टाळता येत नाही.) १८९९ साली त्यानं बिने यांच्याशी संपर्क साधला. बिने यांच्याकडे कल्पना होत्या, सिमाँकडे मुलं होती, आणि रोज त्यांच्यात वावरल्यामुळे आलेली नजर होती. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्यानं एक समिती नेमली : सगळ्यांना शाळा सक्तीची झाली आहे, काही मुलांना वर्गात जमत नाही, त्यांना वेगळी मदत द्यायची तर ती मुलं ओळखायची कशी? शिक्षकांच्या मतावर सोडलं तर खोडकर मुलगाही "मंद" ठरायचा. १९०५ साली दोघांनी ३० छोट्या कामांची मालिका मांडली. जळत्या काडीमागे नजर फिरते का, इथपासून तीन आकडे ऐकून परत म्हणता येतात का, दोन वजनांतलं जड कोणतं, इथपर्यंत. तिचं नाव बिने-सिमाँ चाचणी. मदतनीसाचं नाव प्राध्यापकाच्या नावाला जोडून आजही चालतं आहे, असं विज्ञानात फार वेळा होत नाही.

बिने यांचा हेतू एकच होता, मदत कुणाला लागेल ते कळावं. मिळालेला आकडा म्हणजे मुलाची जन्मभराची किंमत, असं ते मानत नव्हते. पण १९११ साली ते वारले, आणि चाचणी त्याआधीच समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली होती.

तिथे न्यू जर्सी राज्यात वाइनलँड नावाच्या गावी अशा मुलांची निवासी शाळा होती. हेन्री गोडार्ड तिथले संशोधन प्रमुख. १९०८ साली त्यांनी युरोपातून ही चाचणी आणली आणि भाषांतरित केली. गोडार्ड यांची समजूत अशी, की बुद्धीची कमतरता घराण्यातून येते आणि ती असलेल्या माणसांना मुलं होऊ देऊ नयेत. पुराव्यासाठी त्यांनी मदतनीस तयार करून गावोगाव पाठवले. त्यातल्या एलिझाबेथ काइट यांनी एका कुटुंबाच्या पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती गोळा केली. १९१२ साली त्यावर पुस्तक आलं आणि खूप गाजलं. अडचण अशी, की झोपडीत शिरायचं, थोडं बोलायचं, माणसं आणि घर पाहायचं आणि हा मंदबुद्धी, तो ठीक असं लिहायचं, अशी ती पद्धत होती. जे मरून गेले होते त्यांचीही बुद्धी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरवली गेली. गरिबी, दारू, कुपोषण, अशिक्षितपणा, सगळं एका रकान्यात गेलं. काइट बाई कष्टाळू होत्या, प्रामाणिकही असतील. पण काय सापडायला हवं हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

पुढचं प्रकरण न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं. युरोपातून बोटीनं आलेले लोक तिथे उतरत. गोडार्ड यांच्या मदतनीस स्त्रिया गर्दीत उभ्या राहून चेहऱ्यावरून "संशयित" निवडायच्या आणि दुभाष्यामार्फत चाचणी घ्यायच्या. कित्येक दिवस बोटीत ओकाऱ्या काढून उतरलेला, भाषा न येणारा, आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेला माणूस. दुभाष्यानं एकदा सांगितलंसुद्धा, की मी या देशात नवा आलो तेव्हा मलाही ही उत्तरं आली नसती. कुणी मनावर घेतलं नाही. १९१७ साली जे निष्कर्ष छापले त्यांत निवडलेल्या गटांतले पाचपैकी चार जण मंदबुद्धी ठरले होते. १९२८पर्यंत गोडार्ड यांना स्वतःची बरीच मतं मागे घ्यावी लागली, पण तोवर ज्यांची बोट परत गेली ती गेली.

हे सगळं मी एवढं रंगवून का सांगतोय? कारण त्या दुभाष्याचं वाक्य आपल्या तालुक्याला लागू पडतं. आणि दुसरं कारण असं, की तुमच्या मुलाला विचारलेले प्रश्न याच वाइनलँड शाळेतून आले आहेत.

एडगर डॉल हा तरुण १९१३ साली गोडार्ड यांच्या हाताखाली तिथे कामाला लागला. पुढे तोच संशोधन प्रमुख झाला. त्याच्या लक्षात आलं, की कोडी सोडवण्यात मागे असलेली कितीतरी मुलं रोजच्या जगण्यात व्यवस्थित असतात. गाय सांभाळतात, स्वयंपाकघरात मदत करतात, बाजारहाट करतात. मग नुसतं कोड्यांवरून माणूस कसा ठरवायचा? १९३५ साली त्यानं वेगळी श्रेणी मांडली. मुलाची परीक्षा घ्यायची नाही, त्याला जवळून ओळखणाऱ्याशी बोलायचं आणि मूल खरोखर काय काय करतं ते विचारायचं. ११७ बाबी होत्या. वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी हे तिचं नाव. ज्या संस्थेत मदतनीसांनी झोपडी पाहून माणसं मोडीत काढली, तिथेच एका जुन्या मदतनीसानं त्यावर बरा उपाय शोधला.

आता आपल्याकडे येऊ. भारतात विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आणि प्रयोगशाळा प्रथम कलकत्त्याला सुरू झाली, १९१६ साली, नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या पुढाकारानं. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत गिरींद्रशेखर बोस नावाचे गृहस्थ होते. ते आधीपासून दवाखाना चालवणारे डॉक्टर. प्रॅक्टिस सांभाळून ते पुन्हा विद्यार्थी झाले, एम.एस्सी. केली, आणि पुढे भारतातल्या मनोविश्लेषणाचे जनक ठरले. मुंबई इलाख्यात, मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जाणाऱ्या धारवाडच्या बाजूला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचं देशी रूप तयार केलं. १९३४ साली ते पुढे आलं. हजारावर मुलांना एकेक करून समोर बसवून ते काम झालं. चाचणी भाषांतरित करणं हा त्यातला सोपा भाग. कोणत्या वयाच्या किती मुलांना कोणता प्रश्न येतो हे मोजल्याशिवाय तिला काही अर्थ नसतो, आणि त्याला माणसं लागतात. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. तुमच्या फाइलमध्ये "बी.के.टी." असं लिहिलेलं दिसेल, ती हीच. पुढे पुण्यात विद्यापीठाचा प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग आला, १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली आणि तिनं हुशार मुलं हेरण्यासाठी मानसशास्त्रीय चाचण्यांवर मोठं काम केलं.

आपल्या विदर्भाचा वाटा मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. नागपूरला बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन काम करत. त्यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप १९६९ साली आणलं. ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी, आणि मराठीतही. डॉल यांच्या श्रेणीचंही त्यांनी भारतीय रूपांतर केलं. ११७ बाबींच्या जागी ८९ ठेवल्या, वय जन्मापासून १५ वर्षांपर्यंत. देशभर ते "नागपूर रूपांतर" म्हणून ओळखलं जातं. मूळ अमेरिकन यादीत काट्यानं खातो का, सुरीनं पावाला काही लावतो का, असे प्रश्न होते. झरीतल्या आजीला हे विचारलं तर ती विचारणाऱ्याकडेच संशयानं पाहील. म्हणून रूपांतर लागतं, आणि नागपूरला ते झालं याचा मला वैदर्भीय म्हणून थोडा अभिमान आहे.

या श्रेणीचं गणित समजून घ्या, कारण खरी धाकधूक इथे आहे. उत्तरांवरून मुलाचं "सामाजिक वय" काढतात, त्याला खऱ्या वयानं भागून शंभरनं गुणतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर केंद्र सरकारनं २०१८ साली ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हा गुणांक ५५ ते ६९ असेल तर दिव्यांगता ५० टक्के आणि ७० ते ८४ असेल तर २५ टक्के धरली होती. कायद्यानं बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून पुढे मिळतात. आता दहा वर्षांचा, म्हणजे १२० महिन्यांचा मुलगा घ्या. सामाजिक वय ८३ महिने निघालं तर गुणांक ६९. ८४ महिने निघालं तर बरोबर ७०. मधलं अंतर एका महिन्याचं, आणि श्रेणीतल्या एका बाबीची किंमत त्या वयाला एका महिन्याहून जास्तच असते. म्हणजे एका प्रश्नाला "हो" की "नाही" यावर ५० टक्के की २५ टक्के हे ठरू शकतं. (नियम वेळोवेळी सुधारले जातात. अर्ज कराल तेव्हा चालू नियम रुग्णालयात विचारून घ्या.)

तो एक प्रश्न कसा विचारला जातो, याला मग किती महत्त्व आलं बघा. "एकटा बाहेर जातो का?" पोडावर राहणारं कोलामाचं लेकरू शेळ्यांमागे दिवसभर रानात फिरतं. पण आईच्या मनात "बाहेर" म्हणजे पांढरकवडा. ती म्हणते, "नाही जी, एकटा कुठं जाते." खूण झाली नाहीवर. किंवा उलट, लेकराची लाज वाटू नये म्हणून बाप सगळ्याला "हो, करते ना" म्हणतो. आणि आईला मराठी जेमतेम येत असेल, ती कोलामीत बोलत असेल, तर सोबत आलेला शेजारी उत्तर देतो, त्यात स्वतःचं मत मिसळून. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीहून पूर्ण वेगळी. एमेनो या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९५५ साली आख्खं पुस्तक लिहिलं. पण यवतमाळच्या त्या टेबलापलीकडे कोलामी समजणारं कुणी बसलेलं असेलच, याची काही खात्री नाही. एलिस बेटावरचा दुभाष्या आठवला का?

विचारणाऱ्याच्या चेहऱ्याचाही परिणाम होतो. याचा सगळ्यात गाजलेला पुरावा एका घोड्यानं दिला. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करायचा, उत्तर खुरानं ठोकून सांगायचा. १९०४ साली प्रा. श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखाली समिती बसली. लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग श्टुम्फ यांच्या प्रयोगशाळेतल्या ऑस्कर फुंग्स्ट या शिकाऊ मदतनीसानं चिकाटीनं काम केलं. त्यानं एवढंच बदललं : कधी विचारणाऱ्याला उत्तर माहीत, कधी नाही. अंकांच्या पाट्यांवरच्या प्रयोगात, विचारणाऱ्याला उत्तर माहीत असताना घोडा ९८ टक्के वेळा बरोबर, आणि माहीत नसताना अवघा ८ टक्के. प्रश्न विचारून झाला की माणूस किंचित पुढे वाकून खुराकडे बघतो. बरोबर आकडा आला की डोकं जरासं वर उचलतो. घोडा तेवढं बघत होता. विचारणाऱ्याला स्वतःला पत्ता नाही! फुंग्स्टनं हे १९०७ साली पुस्तकरूपानं मांडलं.

पुढे १९६३ साली रोझेन्थाल आणि फोड यांनी अमेरिकेत १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं तुमचे उंदीर हुशार जातीचे, निम्म्यांना सांगितलं मठ्ठ जातीचे. प्रत्यक्षात सगळे सारखेच. तरी "हुशार" उंदीर चक्रव्यूहात जास्त चांगले ठरले. त्या विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलं, की त्यांनी आपले उंदीर जास्त हळुवार हाताळले होते. उंदरांचं असं, तर लेकरांचं काय! आज तुम्ही घेता त्या नव्या औषधाच्या चाचणीत गोळी खरी की खोटी हे पेशंटलाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं. त्या नियमामागे अशा अनेक फजित्या आहेत.

विदर्भातलं एक अलीकडचं काम सांगून इतिहास थांबवतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन नैराश्याची ओळख, समुपदेशन आणि डॉक्टरकडे पाठवणं अशी रचना केली. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले : नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे कुणी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. "मन लागत नाही", "जीव घाबरते", "झोपच येत नाही जी", असं म्हणतात. गावातल्याच माणसाला हे ऐकताना कानावर जोर द्यावा लागत नाही.

आता त्या पालकांचे प्रश्न. विद्यार्थी मदतनीसाचं काम म्हणजे बहुतेक वेळ कंटाळवाणं काम. लोकांना फोन करणं, संमतीपत्र वाचून समजावणं, एकच प्रश्नावली शंभर जणांना त्याच शब्दांत विचारणं, वेळ मोजणं, आकडे संगणकात भरणं, भरलेले पुन्हा तपासणं. तुमची मुलगी कुणाच्या डोक्याशी खेळणार नाही. निदान करणं, प्रमाणपत्रावर सही करणं, समुपदेशन करणं हे तिचं काम नाही आणि तिनं करूही नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला त्यापुढचं मान्यताप्राप्त शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्या वाटेवर जायचं असेल तर मदतनीसाचा अनुभव फार उपयोगी पडतो, आणि ही वाट आपल्याला झेपते का हेही लवकर कळतं. मानधनाचं सुरुवातीलाच स्पष्ट विचारावं, किती तास आणि किती महिने तेही. बसभाड्याला पैसे नसताना फुकट राबण्यात काही मोठेपणा नाही. संशोधनाला निधी असेल तर मदतनीसाचा खर्च त्यात धरता येतो. शोधनिबंधात नाव येणार की आभारात, हेही लाजू नका, विचारा. सिमाँचं आलंच की.

आणि तुम्ही स्वतः किंवा तुमचं मूल अशा संशोधनात "प्रयुक्त" म्हणून बसणार असाल, तर तुमचेही हक्क आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तुमची संमती लागते, आणि सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. बारा वर्षांवर ती लेखी. आदिवासी समाजात काम करताना जास्तीची काळजी घ्यावी लागते. नाव, गाव कागदावर न ठेवता क्रमांक वापरतात. मध्येच उठून जायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि त्यामुळे दवाखान्यातल्या तुमच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. हे संशोधन आहे की माझ्या मुलाची तपासणी, असं थेट विचारा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि खोलीत बसलेल्या माणसाला त्यांची गल्लत करता येत नाही.

झरी जामणी तालुक्यातून जी मुलं या कामाला जातील, विशेषतः ज्यांच्या घरी कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलली जाते, त्यांना एक सांगणं आहे. तुमच्या प्राध्यापकांना हे पहिल्या दिवशीच सांगा, लपवू नका. एखादी प्रश्नावली कोलामीत न्यायची असेल तर एकानं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत मराठीत आणायचं आणि दोन्ही मराठी शेजारी ठेवून बघायचं, अशी पद्धत आहे. त्यासाठी दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारी दोन माणसं लागतात, आणि अशी माणसं विद्यापीठांना सहज मिळत नाहीत. प्रत्यक्ष विचारताना आई कोलामीत जे बोलेल ते आधी कोलामीतच, देवनागरीत उतरवून घ्या. मराठी अर्थ शेजारच्या रकान्यात, आणि "हो-नाही"ची खूण त्यानंतर.